परत केल्याची तारीख

नोंदवहीला रकाने पाच.
अनुक्रमांक, नाव, पुस्तक, नेल्याची तारीख,
परत केल्याची तारीख.
कॉम्प्युटर आला त्या वर्षी मी जिल्ह्याला विचारलं,
यावर नुसतं बघून जाणाऱ्यांचं काय लिहू?
साहेब म्हणाले, संख्या लिहा.

नुसती संख्या लिहिणं माझ्याच्यानं झालं नाही.

आमचं वाचनालय जिंतूरच्या बाजारगल्लीत,
खाली पिठाची गिरणी.
कीबोर्डावर कायम ज्वारीचं पीठ,
एंटरचं बटण भाकरी थापल्यासारखं दाबावं लागतं.
भिंतीवर एक कागद.
विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पोरगी आलती तीन दिवस,
मेहजबीन,
तिनं स्केचपेननं लिहून दिलेले पत्ते:
राजपत्र कुठं, जमिनीचे उतारे कुठं,
निकाल, निविदा, धरणात आज पाणी किती.
शेवटची ओळ लाल:
हे सगळं लोकांचंच आहे, विचारायला लाजू नका.
कोपरा उचकटला की मी खळीनं चिकटवतो.

हबीबचाचा रोज अकराला येतात,
पाणीसाठा बघतात, पानटपरीवर जाऊन सांगतात.
पुस्तक या रकान्यात मी लिहितो: धरण, एकेचाळीस टक्के.
परत: त्याच दिवशी, टपरीवर.
कुसुम घुगे, निवड यादी, पाच पानं.
दोनदा वरून खाली, एकदा खालून वर.
तिचा शेवटचा रकाना रिकामाच आहे.
ती यादी ती अजून घेऊन हिंडत असेल.

मग माघात, एका मंगळवारी, गयाबाई.
पिशवीत चष्मा आणि नातवाचा बंद पडलेला मोबाईल.
"बोरगव्हाण हाय का तुमच्यात?"
आहे म्हणालो. वास्तविक नव्हतं.
नकाशात त्या जागी निळा रंग,
त्यावर काही लिहिलेलं नाही.

विद्यापीठात फोन लावला.
तिथल्या ग्रंथपालबाई घंट्याभरानं म्हणाल्या,
भूसंपादनाचे जुने निवाडे स्कॅन केलेत आम्ही,
भाग चौथा, पान दोनशे अकरा,
जरा वाकडं आलंय.
वाकडंच उघडलं. माना तिरप्या करून बसलो दोघं,
वाचत मी, बोटानं ओळ धरून ती.
सर्वे नंबर सत्तावीस. लिंबाजी वल्द कोंडिबा.
सात एकर अकरा गुंठे. विहीर एक, कच्ची.
झाड: चिंच, एक. मोबदला रुपये नऊ.

बोट उचलेना.
"चिंच?"
चिंच लिहिलंय.
"चिंच नव्हती ओ. आंबा व्हता. शेंद्र्या.
म्या पडलेय त्याच्यावरून, हे बघा,"
आणि कोपरावरची जुनी खूण
तिनं टेबलावर ठेवली,
अर्जाला पुरावा जोडतात तशी.

पानाच्या तळाशी अभिप्रायाचा चौकोन होता.
त्यानं आधी मोबाईल नंबर मागितला,
मग ओटीपी, मग म्हणाला, वेळ संपली.
"ऱ्हाऊ द्या," गयाबाई म्हणाली,
"छापून द्या तेवढं."
दोन रुपये. शाई कमी होती,
मोबदला पुसट आला, चिंच ठळक.
"खोडा की ते."
सरकारी कागद आहे, मावशी, खोडता येत नाही.
"मंग शेजारी लिवा."

शेजारी लिहिलं.
नोंदवहीत नाव विचारलं, तर सासरचं सांगेना.
अनुक्रमांक एकशे बेचाळीस. गया लिंबाजी.
पुस्तक: बोरगव्हाण, पान दोनशे अकरा.
नेलं: चिंच.
परत: आंबा.

मार्चात तपासणी आली.
साहेबांनी त्याच पानावर बोट ठेवलं, हे काय?
मी सांगायला तोंड उघडलं
आणि खाली गिरणी सुरू झाली,
मग सगळं ओरडून सांगावं लागलं.